मुठीआडचा गंज

दुकानात शिरल्याबरोबर मला दातांचा दवाखाना आठवला. टोकियोतल्या एका गल्लीतले जुन्या तलवारींचे दुकान, बोळासारखे अरुंद. भिंतीला लागून लाकडी कपाटे, मधे एक बैठे मेज, आणि सगळीकडे लवंगेचा मंद वास. तलवारीशी लवंगेचा काय संबंध, मला कळेना. माझा भाचा टोकियोतच नोकरी करतो, निशी-कासाईत राहतो, जिथे सकाळी स्टेशनावर उभे राहिले की चार वाक्ये मराठीत कानावर पडतातच. त्याने दुकानदाराला विचारले. दुकानदार ऐंशीच्या घरातला, पाठीत जरा वाकलेला. त्याने एक छोटी बाटली उघडून माझ्या नाकापुढे धरली.

"मामा, हे पात्याला लावायचं तेल. चोजी-आबुरा. चोजी म्हणजे लवंग," भाचा म्हणाला.

पूर्वी हे खरेच लवंगेचे तेल असे. आता बाटलीत बहुतेक खनिज तेल आणि वासापुरती लवंग. पण वास सोडायला कोणी तयार नाही. बरे वाटले. सकाळी आम्ही र्‍योगोकूचे तलवार-संग्रहालय पाहून आलो होतो. तिथे काचेआडून सगळे चकचकीत, गंधहीन होते. इथे निदान वस्तूला वास होता.

म्हाताऱ्याने कपाटातून जे काढले त्यात दिमाख काहीच नव्हता. साधे पांढरट लाकूड, ना नक्षी ना रंग. रुळासारखे दिसणारे. जपानी लोक पाते घरी ठेवताना अशा कोऱ्या म्यानात ठेवतात. होओ नावाच्या झाडाचे हे लाकूड मऊ असते, पात्याला ओरखडा काढत नाही. मिरवायची मूठ, रेशमी विणीखालची पाकटाच्या जातीच्या माशाची खरखरीत कातडी, नक्षीची गोल हातरोधी चकती, लाखेचे चकाकते म्यान हा सगळा जामानिमा वेगळा ठेवायचा, आणि तो कोसळू नये म्हणून त्याच्या पोटात लाकडाचे खोटे पाते घालायचे. म्हणजे दागिने एकीकडे, अंग दुसरीकडे. लग्नातला शालू पेटीत आणि बाई सुती लुगड्यात, तसे.

पाते हातभर होते. एक शाकु पाच सुन. शाकु म्हणजे साधारण 30.3 सेंटिमीटर, आणि त्यांचा सगळा हिशेब या मापावर चालतो: एका शाकुच्या आतले पाते तांतो, एक ते दोन शाकुंमधले वाकिझाशी, त्यापुढची ती सिनेमात दिसणारी लांब कताना. सामुराईच्या कमरेला दोन असत, एक लांब, एक आखूड. जगाने लांबीवरच जीव टाकला; माझा जीव आखुडीवर बसला, आणि त्याला कारण आहे. कोणाच्या घरी गेले की लांब तलवार कमरेतून काढून ठेवायची असा रिवाज होता. आखूड मात्र अंगावर राहायची. थोरली दारात, धाकटी घरात. व्यापारी आणि साधे नगरवासी यांना लांब तलवारीची बंदी होती, पण वाकिझाशी बाळगता येई, प्रवासाला निघताना तर हमखास. धाकटीने अशी घरे पाहिली, जेवणे पाहिली, बाजार पाहिला. मालकाने पोट चिरून घ्यायचे ठरवले तर तेही हिच्याच किंवा हिच्याहून आखूड पात्याने. 1876 मध्ये सरकारने तलवार बाळगायला बंदी केली तेव्हा कमरा एकदम हलक्या झाल्या असतील.

"मामा, दोन्ही हातांनी घ्या. धार वर. पात्यावर बोलू नका, थुंकी उडते. बोट तर लावूच नका." भाचा एरवी माझ्याशी असा हुकमी बोलत नाही. मी आधी पात्याला नमस्कार केला. दुकानदारही वाकला होता, त्यामुळे वेगळे काही केले असे वाटले नाही.

संग्रहालयात सकाळी एक गंमत पाहिली होती. काचेपुढे माणसे उठाबशा काढत होती. गुडघे वाकवायचे, मान तिरकी करायची, पुन्हा सरळ व्हायचे. त्यांत कॉलेजातल्या मुली बऱ्याच. 2015 साली आलेल्या एका खेळात जुन्या तलवारींना देखणे तरुण करून टाकले आहे, तेव्हापासून तलवारींना असा नवा भक्तवर्ग मिळाला. मला तो उठाबशांचा प्रकार तेव्हा अतिरेकी वाटला. पाते हातात आल्यावर मीही दिव्याखाली तेच केले. समोरून पाहिले तर नुसते लोखंड. तिरके धरून उजेड पात्यावरून घसरू दिला तर धारेच्या कडेने दुधाळ रेघ उमटते, डोंगराच्या माथ्यावर रेंगाळलेल्या धुक्यासारखी. तिला हामोन म्हणतात. या पात्यावरची रेघ वळणावळणाची, आणि प्रत्येक वळणाला एक बोंड. दुकानदाराने बोंडावर बोट रोखले, अर्थात हवेत, आणि म्हणाला, "चोजी." लवंगेची बोंडे! वास तेलात, आकार पोलादात. बिझेन प्रांतातल्या लोहारांची ही फार जुनी आवड.

मग त्याने पितळेची इवलीशी हातोडी घेतली आणि मुठीतली बांबूची खुंटी ठोकून बाहेर काढली. एवढी मोठी इभ्रत असलेली वस्तू एका बांबूच्या खुंटीवर उभी असते. डाव्या हातात मूठ धरून त्याने स्वतःच्याच मनगटावर उजव्या हाताची मूठ आपटली, पाते सैल झाले, आणि मुठीच्या आत दडलेले पात्याचे शेपूट उजेडात आले.

काळे होते. काळे म्हणजे जुन्या गुळाच्या ढेपेसारखे, आतून तपकिरी, थराथरांचे. वर आरसा, खाली गंज, आणि दोन्हींच्या मधे बोटभरही अंतर नाही. "याला नाकागो म्हणतात," भाच्याने सांगितले, "आणि हा गंज कधीच काढायचा नाही. काढला तर तलवार मेली."

मी पाते खाली ठेवले.

आमच्या देवघरात असेच एक हातभर पाते होते. घरात त्याला सुरा म्हणत. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू लागे, झेंडूचे फूल लागे, एरवी ते फळीवर पडून असे. आपल्याकडे मूठ शेपटाला लाखेने बसवतात. आमच्या सुऱ्याची लाख केव्हाच ठिसूळ होऊन मूठ निघाली होती. मी कॉलेजात होतो, हाताला काम नव्हते आणि अंगात स्वच्छतेचा उत्साह होता. लिंबू, राख आणि शेवटी पॉलिशपेपर घेऊन मी एका दुपारी तो सुरा असा घासला, की त्यात तोंड दिसावे. शेपूटसुद्धा सोडले नाही. तिथे काही रेघा होत्या. अक्षरे होती, की लोहाराची खूण, की नुसते ओरखडे, हे मी पाहिलेच नाही; मला त्या घाण वाटल्या. आजोबा संध्याकाळी आले, सुरा हातात घेतला, उलटा केला. म्हणाले, "पुसलंस होय." एवढेच. रागावले असते तर मी विसरलो असतो.

तर जपानी लोहार आपले नाव या शेपटावर छिन्नीने खोदतो. मुठीत झाकले जाणार, मालकालाही रोज दिसणार नाही अशा जागी. नावाखेरीज तिथे कानशीचे ओरखडे असतात. आडवे, तिरके, पिसांसारखे. प्रत्येक परंपरेची कानस वेगळी फिरते, आणि जाणकार त्या फिरण्यावरून माणूस ओळखतात. गंजाचा रंग वय सांगतो. नवा गंज तांबडा आणि सुटा. चार-पाचशे वर्षांचा काळा, घट्ट, जवळजवळ गुळगुळीत. खोटे नाव कोरणारे काही कमी झाले नाहीत, पण चार शतकांचा गंज आणणे नाव कोरण्याइतके सोपे नाही.

आमच्या पुढच्या पात्यावर नाव नव्हते. भोके मात्र दोन होती. म्हातारा त्या दोन भोकांवर बराच वेळ बोलला. पाते मुळात लांब असणार. पुढे कधीतरी, लढाईची पद्धत बदलली म्हणून किंवा नव्या मालकाची उंची कमी म्हणून, ते आखूड केले. आखूड करताना टोकाला हात लावत नाहीत, टोक हा तर पात्याचा प्राण. कापायचे ते शेपटाकडून. मग खुंटीचे जुने भोक खाली जाते, नवे वर पाडावे लागते, आणि शेपटाबरोबर नाव कापले जाते. काही मालकांना याचे वाईट वाटे. ते नावाचा तेवढा चौकोनी तुकडा काढून नव्या शेपटात चौकट जडवावी तसा बसवून घेत. ओदा नोबुनागा या सरदाराने उलटेच केले. 1560 मध्ये ओकेहाझामाच्या लढाईत त्याने इमागावा योशिमोतोला मारले, त्याची तलवार घेतली, आखूड करवली, आणि शेपटावर सोन्याने लिहवून घेतले की ही त्याची, मी त्याला मारले त्या दिवशी मिळाली. ती तलवार अजून आहे. सोनेही आहे.

नाव गेले तरी हात ओळखता येतो, असे म्हणणारे लोक तिथे जमतात आणि शेपूट कापडाने झाकून नुसत्या पात्यावरून लोहार ओळखायचा खेळ खेळतात. उत्तर चिठ्ठीवर लिहून द्यायचे. बरोबर आले तर 'आतारी'. त्याच्या अगदी जवळच्या माणसाचे नाव दिले तर 'दोझेन', म्हणजे जवळपास बरोबरच. मला हे लगेच समजले. आमचे एक शेजारी रेडिओवर मधूनच लागलेला खयाल दोन मिनिटे ऐकून घराणे सांगत, आणि गायकाऐवजी त्याच्या गुरूचे नाव सांगितले तरी ते चूक मानत नसत. तलवारींचीही अशी पाच मोठी घराणी आहेत: यामातो, यामाशिरो, बिझेन, सागामी आणि मिनो. पोत, वळण, रेघेचा स्वभाव यांवरून ती ओळखतात.

हा हात ज्या पोलादावर चालतो ते येते कुठून, याचे उत्तर शिमाने प्रांतातल्या ओकुइझुमोत आहे. तिथे हिवाळ्यात मातीची एक भट्टी उभी करतात, तातारा. तीन दिवस तीन रात्री तिला लोहयुक्त वाळू आणि कोळसा आळीपाळीने भरवतात. सुमारे दहा टन वाळू, बारा टन कोळसा. भट्टीचा म्होरक्या मुरागे ज्वाळेचा रंग पाहून पुढचा घास ठरवतो. चौथ्या दिवशी भट्टी फोडतात. होय, फोडतात, पुढच्या वेळी नवी. आतून जो अडीच टनांचा ओबडधोबड गोळा निघतो त्यातले तलवारीच्या लायकीचे पोलाद, तामाहागाने, एक टनसुद्धा भरत नाही. महायुद्धानंतर ही विद्या विझायला आली होती. 1948 मध्ये स्थापन झालेल्या तलवार-जतन संस्थेने 1977 मध्ये तिथली भट्टी पुन्हा पेटवली, आणि आज जपानभरच्या लोहारांना हे पोलाद तिथूनच जाते.

पुढे घडी. पोलाद तापवायचे, ठोकून लांबवायचे, मधे छिन्नी मारून दुमडायचे, पुन्हा ठोकायचे. लोक भक्तिभावाने सांगतात की हजारदा दुमडतात. दहा ते पंधरा वेळाच दुमडतात. पण दर घडीला थर दुप्पट होतात, पंधराव्याला ते 32,768 भरतात, तेव्हा हजाराची गरजच काय? घडीघडीला मळ बाहेर पडतो, कार्बन सगळीकडे सारखा होतो. कडक पोलादाच्या वेष्टनात मऊ लोखंडाचा गाभा घालतात, म्हणजे पाते कापेलही आणि तुटणारही नाही. मग मातीचा लेप: पाठीवर जाड, धारेकडे पातळ. त्या लेपाच्या कडेनेच लवंगेची बोंडे काढलेली असतात. भट्टीत लाल झालेले पाते पाण्यात जाते. धार झटक्यात थिजून कठीण होते, पाठ सावकाश निवते, आणि या ओढाताणीत सरळ पाते आपणहून वाकते. तलवारीची ती प्रसिद्ध कमान अशी पाण्यात येते. हे काम अंधारात करतात, कारण लोखंडाचा रंग उजेडात खोटे बोलतो. अनेक पाती इथे तडकतात आणि महिन्यांची मेहनत वाया जाते. मराठीत लोहार कोयत्याला 'पाणी पाजतो' म्हणतात. पाणीदार हा शब्द आपण माणसांना लावतो तो तिथूनच आला असावा, असे मला त्या दुकानात पहिल्यांदा वाटले.

लोहाराच्या भात्याजवळचे शब्द घरात येऊन बसतात, हे जपानीत फार दिसते. भाचा फोनवर बोलताना सारखा "हाइ, हाइ" करत असतो. मी त्याला हसायचो. त्याने सांगितले, याला आइझुची म्हणतात, आणि हा शब्द ऐरणीवरचा आहे: गुरू छोट्या हातोडीने टिचकी देतो, शिष्य मोठ्या घणाने तिथेच प्रहार करतो, त्या आळीपाळीच्या घावाला आइझुची. समोरचा बोलत असताना आपण जो हुंकार द्यायचा, तो दुसरा घण. आजी गोष्ट सांगताना हुंकार थांबला की गोष्ट थांबवायची, ते आठवले. आणि आमच्या गावाबाहेर पाल ठोकून बसणारे घिसाडी आठवले. पुरुष सांडशीत लोखंड धरून छोटी हातोडी वाजवे, आणि समोर त्याची बायको, पदर खोचून, घण डोक्यावरून फिरवून नेमकी त्याच जागी आणे. दोघे एक अक्षर बोलत नसत.

आणखीही शब्द आहेत. दोघांचे पटत नसेल तर 'कमान जुळत नाही' म्हणतात. आपण एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतो. ते भांडलेल्या नवराबायकोची दिलजमाई झाली की 'पाते मूळ म्यानात गेले' म्हणतात. होनआमी नावाचे एक घराणे पिढ्यान् पिढ्या पाती उजळायचे आणि पारखायचे. थोर कलावंत कोएत्सु (1558–1637) त्यातलाच. हे घराणे अस्सलपणाचा दाखला घडी घातलेल्या कागदावर देई. त्या कागदाचे नाव ओरिगामी. आपल्या शाळांत जिचे पक्षी होतात तेच नाव. अजूनही खात्रीच्या माणसाला ते 'ओरिगामी असलेला' म्हणतात. आणि स्वतःच्या कर्माने ओढवलेल्या संकटाला म्हणतात, 'अंगातून निघालेला गंज'. हे भाच्याने सांगितले तेव्हा मी दुसरीकडे पाहिले.

उजळणाऱ्याबद्दल सांगायला हवे, कारण लोहाराची कीर्ती होते आणि याला कोणी विचारत नाही. आपल्याकडचे शिकलगार असेच विस्मृतीत गेले. जपानी शिकलगार एकामागून एक बारीक होत जाणाऱ्या दगडांवर पाते फिरवतो, शेवटी कागदासारख्या पातळ दगडाच्या चकत्या अंगठ्याखाली धरून तसूतसूने सरकतो. एका पात्याला आठवडे लागतात. लोहाराने दडवलेली रेघ हा उघड करतो. पण दर वेळी पात्याचा केसभर थर जातो. पाते किती वेळा उजळावे याला मर्यादा आहे. फार उजळले की वेष्टन झिजते आणि आतला मऊ गाभा डोकावू लागतो. असे थकलेले पाते मी संग्रहालयात पाहिले नाही, पण म्हाताऱ्याकडे एक होते. त्याने ते काढले आणि न बोलता परत ठेवले.

आणि तरीही हे हत्यार आहे. हे विसरून नुसते सौंदर्यावर बोलणारी पुस्तके मला खोटी वाटतात. काही शेपटांवर सोन्याने कोरलेले असते, अमुक दिवशी हिने दोन धडे कापली. देहदंड झालेल्यांच्या प्रेतांवर धार पारखत, आणि ते पारखणारे एक खास घराणे होते. हे वाचल्यावर लवंगेची बोंडे पूर्वीसारखी दिसत नाहीत. दंतकथा रचणाऱ्यांनाही हे सलत असावे. आवातागुचीच्या योशिमित्सुने घडवलेल्या एका तांतोची गोष्ट सांगतात: 1493 मध्ये हरलेला हाताकेयामा मासानागा पोट चिरायला बसला, पाते काही केल्या कातडीत शिरेना. संतापून त्याने ते फेकले, तर ते औषध कुटायच्या लोखंडी खलात आरपार घुसले. मालकाला न कापणारे पाते! त्याला 'यागेन', म्हणजे खल, हेच नाव पडले. आज ते कुठे आहे कोणालाच ठाऊक नाही.

1945 च्या पराभवानंतर दोस्त सैन्याने तलवारी गोळा करायला सुरुवात केली. टोकियोतल्या आकाबानेच्या कोठारात त्यांचे ढीग लागले, कारखान्यात बनलेल्या फौजी तलवारी आणि सहाशे वर्षांची पाती एकाच ढिगात. कितीतरी वितळली, बुडवली गेली, सैनिकांच्या पेट्यांतून परदेशी गेली. पारखी लोकांनी धावाधाव करून कलेची म्हणून जी वाचवली ती वाचली. आज परवाना असलेल्या लोहाराला महिन्यात दोन लांब किंवा तीन आखूड पातीच घडवता येतात, म्हणजे घाई करायची सोयच नाही. परवान्याआधी गुरूकडे निदान पाच वर्षे, त्यांतली पहिली कोळसा एकसारखा तोडण्यात.

निघताना म्हाताऱ्याने विचारले, तुमच्या देशात अशी पाती आहेत का. मी सुऱ्याची गोष्ट सांगितली, लिंबापासून पॉलिशपेपरपर्यंत. भाचा भाषांतर करत होता. इतका वेळ प्रत्येक वाक्याला हुंकार देणारा म्हातारा शेपटापाशी गप्प झाला. मग त्याने खुंटी बसवली, पाते म्यानात घातले आणि काहीतरी म्हणाला.

"म्हणतात, काळजी करू नका. गंज परत येतो."

"किती दिवसांत?"

भाच्याने विचारले. म्हाताऱ्याने विचार करून उत्तर दिले.

"दोनशे वर्षे."

तो हसत नव्हता.

सुरा आता माझ्याकडे आहे. खंडेनवमीला पाते मऊ फडक्याने पुसतो, तेलाचा हात देतो. तेलात एक लवंग टाकून ठेवलेली असते. शेपटाला हात लावत नाही. त्यावर गंज धरला आहे. अजून तांबडाच आहे.